मीटर नसलेलं पाणी

आमच्या शहराचं नाव वुच.
वुच म्हणजे होडी.
म्हणजे आमच्या नावातच नाव,
आणि ती सोडायला गावात ओंजळभर पाणी नाही,
या विनोदावर आमच्या तीन पिढ्या हसल्या.
नद्या होत्या. कापडगिरण्या त्यांना प्यायल्या,
उरल्यासुरल्या विटांच्या कमानीखाली गाडून
वरून ट्रामचे रूळ टाकले.

मी पाण्याचे मीटर वाचतो.
सव्वीस वर्षं: तळघर, टॉर्च,
काचेवरची धूळ अंगठ्यानं पुसून
काळे आकडे तेवढे वहीत. लाल सोडायचे.
पाण्याशी माझी ओळख एवढीच,
नुसत्या पत्त्यावरून असते तशी.

होयनीत, सतरा नंबरला, जिन्यामागचं दार
दर खेपेला बंद.
त्या एप्रिलमध्ये ते उघडं होतं, आणि पानी कुनेगुंदा
(आमच्यात बाईमाणसाला पानीच म्हणतात)
बटाट्याच्या सालींची बादली घेऊन उभी.
"मागे यायचंय? बूट खराब होतील."

गॅरेजांची रांग. गंजका पत्रा. एक वाकलेली सळई,
तिला धरून पाठमोरं उतरायचं,
शिडीवरून उतरतात तसं,
आणि वळलो तर

तळं.

मोठं नाही. आमच्या ऑफिसच्या पार्किंगएवढं.
काठाला गेल्या वर्षीची पाणकणसं, फुटलेल्या उशीसारखी;
एक वाळुंज पार आडवी झालेली, तरी पालवलेली;
आणि मधोमध, बुडत्या टायरवर,
एक पाणकोंबडी संसार मांडून बसलेली,
जणू भाडं वेळच्या वेळी भरते.

मी सवयीनं मीटर शोधला.

"मी पोरगी होते तेव्हा ह्याला रोज वेगळा रंग," ती म्हणाली.
"गिरणीत निळं सूत निघालं की तळं निळं.
सणाआधी लाल.
बदकंसुद्धा लाल, आम्हाला वाटायचं
त्यांची जातच तशी.
गिरणी बंद पडली, आम्ही रडलो.
सात वर्षांनी पहिला बेडूक ओरडला
तेव्हा मी खिडकी लावून घेतली, रागानं.
मग उघडली."

त्यानंतर मला दिसायलाच लागलं.
लाँड्रीमागे सफरचंदाची पाच झाडं, मालक कुणी नाही.
डेपोच्या भिंतीआड एक ओढा,
अकरा पावलं उन्हात वाहतो
आणि परत पाइपात शिरतो,
जेलमधल्या माणसाला अंगणात सोडतात तसा.
शाळेच्या बॉयलरखोलीमागे डबकं म्हणावं इतकंच पाणी,
पण चतुर होते. निळे.
मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.
वाटायचं, न बोललेलं शाबूत राहतं.

ऑक्टोबरात काठावर खुंट्या आल्या,
खुंट्यांना नारिंगी फिती.
पानी कुनेगुंदाचा पणतू रेमिगियुश,
वय दहा, नाक वाहतं,
गॅरेजपाशी माझी वाट अडवून उभा राहिला.
"फितीवाले काका म्हणाले, नकाशात इथे काहीच नाही.
काहीच नाही ते बुजवायला
कुणाला विचारावं लागत नाही.
तुम्ही तर सरकारी ना? तुमच्या वहीत तरी आहे का?"

नव्हतं.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा
वही काखेत जड झाली.

सतरा नंबरखाली मी एक ओळ वाढवली,
पेन्सिलीनं नाही, शाईनं.
पत्ता: मागचं दार, सळईला धरून खाली.
ग्राहक: पाणकोंबडी एक, पिल्लं सहा,
बेडूक मोजता आले नाहीत.
वापर: चालू.
थकबाकी: आमच्याकडे.

सोमवारी साहेबांनी ती ओळ वाचली,
चष्मा काढला, पुसला, परत वाचली.
"हे पाणी नक्की कुठे आहे?"

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं.
म्हटलं, या.
बूट खराब होतील.